घरच्या आर्केड मशीनसाठी चित्रं आणि गेम हक्काचे कसे मिळवावेत

आर्केड मशीन म्हणजे पार्लरमध्ये असायची तशी उभी व्हिडिओ गेमची पेटी. तिचं सुतारकाम एका परिच्छेदात उरकतो. १८ मिमीचं प्लायवुड घ्या, दोन्ही बाजूंच्या फळ्या एकत्र पकडून जिगसॉने एकदाच कापा, बटणं हातात आल्यावरच भोकांचं माप ठरवा, जुना मॉनिटर आणि छोटा संगणक बसवा, पाठीमागे हवा खेळायला जागा सोडा. आजवर सात मशिनी बांधल्या, लाकूड एकदाही नडलं नाही. नडलं ते आतल्या गेमचं आणि बाहेरच्या चित्रांचं. आणि नेमकं त्याच बाबतीत लोक एकमेकांना बेधडक चुकीचं सांगतात.

तीन समजुती आधी डोक्यातून काढून टाका. "डाउनलोड करून चोवीस तासांत पुसलं तर चालतं" असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. "कंपनी बुडाली, आता कोण विचारतंय" हेही खोटं. मेटल स्लगवाली एसएनके २००१ साली दिवाळखोरीत गेली, तिचे हक्क प्लेमोरने घेतले आणि ते गेम आजही रीतसर विकत मिळतात. तिसरी समजूत म्हणजे "एवढा जुना गेम, एव्हाना मोकळाच झाला असेल". भारतात चित्रावरचा किंवा प्रोग्रामवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. १९७८ चा स्पेस इन्व्हेडर्ससुद्धा अजून हक्काखाली आहे, आणि कॉपीराइटच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारामुळे जपानी, अमेरिकी कामाला इथेही संरक्षण मिळतं.

आधी गेम ठरवा, मग प्लायवुड आणा

मला बहुतेक जण मुस्तफाची मशीन मागतात. साहजिक आहे. एसटी स्टँडजवळच्या पार्लरमध्ये रुपया टाकून, मागे उभ्या असलेल्या पोरांचे सल्ले ऐकत खेळलेला तो गेम. पण मुस्तफा हे त्याचं नावच नव्हे. पिवळ्या टोपीवाल्या पात्राचं नाव मुस्तफा कैरो, आणि गेमचं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमने १९९३ साली काढलेला. तो मार्क शुल्ट्झ यांच्या 'झेनोझोइक टेल्स' या कॉमिकवर बेतलेला आहे. शिवाय कॅडिलॅक हा जनरल मोटर्सचा ट्रेडमार्क. म्हणजे मशीनच्या कपाळावर लावायच्या एका पट्टीत तिघांचे हक्क गुंतलेत. त्यातला ट्रेडमार्क तर दर दहा वर्षांनी नव्याने नोंदवत राहिला की संपतच नाही. म्हणून पहिल्या मशीनसाठी मुस्तफा घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगतो. त्याच धाटणीचे फायनल फाइट आणि कॅप्टन कमांडो 'कॅपकॉम आर्केड स्टेडियम' या जुन्या गेमच्या संग्रहात पैसे देऊन मिळतात आणि संगणकावर चालतात.

गेम

मेम हा एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करून तिचे गेम संगणकावर चालवणारा प्रोग्राम, १९९७ पासून आहे, आणि २०१६ पासून तो खुल्या परवान्याखाली मिळतो. पण मोकळा आहे तो एम्युलेटर. त्यात घालायची रॉम फाइल, म्हणजे मूळ मशीनच्या चिपमधल्या गेमची प्रत, ज्याची त्याचीच राहते. काही हक्कदारांनी मात्र स्वतःहून परवानगी दिली आहे: रॉबी रोटो, आणि एक्सिडी कंपनीचे सर्कस, टार्ग, स्टार फायर असे जुने गेम मेमच्या स्वतःच्या साइटवर बिगर-व्यावसायिक वापरासाठी ठेवलेले आहेत. चाचणीसाठी तेच वापरा.

मूळ बोर्ड, म्हणजे पार्लरच्या मशीनमधलं गेमचं सर्किट, तुमच्या मालकीचा असेल तर आपला कायदा उदार आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ सांगतं की प्रोग्रामची प्रत ज्याच्याकडे रीतसर आहे, त्याला ती हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून राखीव प्रत काढता येते. मुस्तफाच्या पिढीच्या बोर्डांना याची खरी गरज पडते, कारण त्यांच्यावर एक बॅटरी असते आणि ती संपली की बोर्ड चालत नाही. पण ही प्रत तुमच्या बोर्डाची, तुमच्यापुरती. बोर्ड विकलात तर प्रतही ठेवू नका.

एका बोर्डात हजार गेम भरलेली स्वस्त पेटी मात्र घेऊ नका. त्या हजारांतल्या एकाच्याही निर्मात्याला त्यातून पैसा पोचत नाही.

चित्रं: इथे घाई करू नका

कलम ५२ मधली एक बारीक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. खासगी वापरासाठी न्याय्य वापराची जी सवलत आहे, ती संगणक प्रोग्राम सोडून इतर कृतींना लागू होते. म्हणजे घरातल्या एकुलत्या एका मशीनवर लावलेल्या चित्रासाठी तुम्ही या सवलतीकडे बोट दाखवू शकता, रॉमसाठी नाही. हे वाचून मी निर्धास्त झालो होतो, आणि तिथेच चुकलो.

दुसऱ्या मशीनच्या वेळी मला बाजूच्या चित्राची सुंदर फाइल मिळाली. परदेशातल्या एका हौशी माणसाने जुनी, ओरखडलेली मशीन स्कॅन करून, एकेक रेघ पुन्हा काढून ती तयार केली होती. सोबत लिहिलं होतं: स्वतःपुरती छापा, विकू नका, पुढे देऊ नका. मी ते वाचलं होतं. तरीही फाइल छपाईच्या दुकानात ईमेल केली आणि निघून आलो. तीन महिन्यांनी त्याच दुकानात ते चित्र स्टिकर म्हणून विकायला टांगलेलं दिसलं. दुकानदाराने फाइल संगणकात ठेवली होती आणि मागेल त्याला छापून देत होता. मी त्या चित्रकर्त्याला पत्र लिहून सगळं कळवलं. उत्तर आलं, त्यात राग नव्हता. एवढंच होतं की यापुढे मी फाइली देणार नाही. त्याने खरोखरच सगळ्या काढून घेतल्या. माझ्या आळशीपणामुळे कितीतरी लोकांचा रस्ता बंद झाला, हे अजून सलतं.

तेव्हापासून मी कागदावर तीन नावं लिहिल्याशिवाय काहीही छापत नाही: मूळ चित्र कुणाचं, गेमचा हक्क कुणाकडे, आणि ही फाइल कुणाच्या हातची. लोक दुसऱ्यावर थांबतात. तिसरा माणूस तुमच्याआमच्यासारखा हौशी असतो. त्याने महिनोन्महिने रात्री जागवलेल्या असतात आणि त्याच्यामागे वकील नसतो. त्याचं नाव सापडलं नाही तर ती फाइल वापरू नका.

सापडलं तर पत्र लिहा. मशीन किती, कुठे राहणार, कोण खेळणार, किती प्रती छापणार, पैसे घेणार का, एवढंच. सोबत मशीनचा फोटो. स्तुतीची लांबण लावू नका. उत्तर आलं नाही तर ते "नाही" समजा. दोन आठवडे वाट पाहून "बहुधा चालेल" म्हणणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका.

छपाईला पेन ड्राइव्ह घेऊन स्वतः जा. उजेड येणारी पट्टी बॅकलिट फ्लेक्सवर, बाजूचं चित्र मॅट लॅमिनेशनच्या विनाइलवर. बिलावर "एक प्रत, फाइल ठेवू नये" असं लिहून घ्या, आणि तुमच्यासमोर फाइल पुसायला लावा. रिसायकल बिनमधूनही. दुकानदार कुरकुरतो, पण करतो.

खरं सांगायचं तर आता मला उसनी चित्रं नकोशीच वाटतात. माझी पाचवी मशीन ट्रक रंगवणाऱ्या एका पेंटरने हाताने रंगवली. विषय जत्रेचा: पाळणा, गोडीशेवेची पाल, मौत का कुआ. मशीनचं नाव लिहायला 'मुक्त' हा फॉन्ट घेतला. मुंबईच्या एक टाइपचा तो फॉन्ट खुल्या परवान्याखाली आहे आणि छापून विकायलाही त्याची आडकाठी नाही. ही मशीन कुठेही नेली तरी मला कुणाला विचारावं लागत नाही.

पण पेंटरशीही लेखी बोला. पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा हक्क, वेगळं काही ठरलं नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. संगणकावर केलेल्या डिझाइनचं तितकं सरळ नसतं, तिथे हक्क लेखी आणि सहीनिशी लिहून घ्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. दोन्ही लिहा. आणि चित्राच्या कोपऱ्यात पेंटरची सही राहू द्या. चित्रावर आपलं नाव सांगण्याचा अधिकार त्याचाच असतो, हक्क विकल्यावरही.

एआयकडून "मुस्तफासारखा" माणूस काढून घेणं ही पळवाट नाही. पिवळी टोपी पाहून तुम्ही ओळखलंत, तर हक्कदारही ओळखेल.

विकायची असेल तर

लाकूड, वायरिंग, बटणं आणि तुमची मेहनत विका. गेम भरून विकू नका. घेणारा हट्ट करेल, "एवढं भरून द्या" म्हणेल, नाही म्हणा. काही एम्युलेटरांचे परवानेच व्यावसायिक वापर मनाई करतात. एफबी निओ नावाचा एम्युलेटर आणि मेमच्या जुन्या आवृत्त्या त्यातल्याच. उसनं चित्र असेल तर विकण्याआधी ते सोलून काढा, कारण खासगी वापराची सवलत तिथेच संपते. हॉटेलात किंवा सोसायटीच्या गणेशोत्सवात पैसे घेऊन मशीन लावणार असाल, तरी हेच.

सगळं झालं की पाठीमागच्या दाराला आतून एक प्लास्टिकचं पाकीट चिकटवा. त्यात गेमच्या खरेदीच्या पावत्या, परवानगीच्या पत्रांच्या छापील प्रती, पेंटरचा कागद आणि ती तीन नावं. माझ्या सातव्या मशीनच्या पाकिटात एक पत्र त्या फाइली काढून घेणाऱ्या माणसाचं आहे. सहा वर्षांनी त्याला पुन्हा विचारलं होतं. एका प्रतीसाठी हो म्हणाला.