मालिका आणि म्युझिक व्हिडिओ अभ्यासायचे कसे: शॉट मोजण्यापासून उत्तर लिहिण्यापर्यंत

बीएएमएमसी (मल्टिमीडिया आणि मास कम्युनिकेशनची बी.ए. पदवी) किंवा मास कम्युनिकेशनच्या वर्गात मालिकेवरची असाइनमेंट आली की निम्म्या मुलांचं उत्तर कथानक सांगण्यात संपतं. उरलेल्यांचं उत्तर 'मालिका समाजाला मागे नेतात' या वाक्यापाशी येऊन थांबतं. ही दोन्ही उत्तरं टीव्ही न लावताही लिहिता येतात आणि तपासणाऱ्याला ते लगेच कळतं. त्याला पाहायचं असतं की पडद्यावर नेमकं काय आहे, ते तसं का केलंय आणि त्यामुळे बघणाऱ्याचं काय होतं. सिद्धान्ताची पाळी त्यानंतर येते.

तुकडा कोणता घ्यायचा

अख्खी मालिका घेऊ नका, अख्खा भागही नको. चार ते पाच मिनिटांचा सलग तुकडा पुरतो. त्यात किमान एक संवादाचा प्रसंग असावा आणि एकदा तरी स्थळ किंवा वेळ बदलावी. मालिकेचा पहिला भाग टाळा. त्याला वेळ आणि पैसा जास्त मिळालेला असतो, बाहेरचं चित्रीकरण असतं, ड्रोन असतो. पन्नासाव्या भागात यातलं काहीच उरत नाही आणि मालिकेचं खरं रूप तिथेच दिसतं. आठवड्याच्या मधला भाग घ्या. शनिवारचा घेतलात तर शेवटचा हूक, म्हणजे पुढचा भाग बघायला लावणारा धक्का, मुद्दाम मोठा ठेवलेला असतो, हे लक्षात असू द्या.

तुकडा वाहिनीच्या अधिकृत ओटीटीवरूनच बघा. यूट्यूबवर भलत्याच खात्यांनी चढवलेले भाग कॉपीराइटच्या तपासणीतून निसटावेत म्हणून आरशातल्यासारखे डावं-उजवं उलटे केलेले असतात, कडा कापलेल्या असतात, आवाजाची पट्टी बदललेली असते. त्यावर 'नायिका कायम चौकटीच्या डाव्या बाजूला' असं लिहिलंत तर अख्खा मुद्दाच उलटा होतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे पदर. घरातल्या सगळ्याच बायकांचा पदर उजव्या खांद्यावर दिसत असेल तर आधी चित्र उलटं आहे का ते बघा. भिंतीवरचं कॅलेंडर, दारावरची पाटी यांनीही खात्री होते.

चार वेळा पाहणं

ब्रिटनमधल्या ओसीआर परीक्षा मंडळाच्या माध्यम विषयाच्या जुन्या ए.एस. (शाळेच्या शेवटच्या टप्प्यातल्या) परीक्षेत टीव्ही ड्रामाचा असाच छोटा तुकडा चार वेळा दाखवत आणि पहिल्या वेळी नोंदी न घेता नुसतं पाहायला सांगत. ही शिस्त आपल्याकडेही जशीच्या तशी चालते. पहिल्यांदा पेन खाली ठेवून बघा आणि संपल्यावर एकच वाक्य लिहा: मला कोणाची बाजू पटली? बाकीच्या तीन खेपांत ती बाजू तुम्हाला कशी पटवली गेली, ते शोधायचं आहे.

दुसऱ्या खेपेला आवाज बंद. फक्त कॅमेरा आणि कट. तिसऱ्या खेपेला पडदा झाका आणि नुसतं ऐका. मालिकेच्या बाबतीत ही खेप सर्वांत जास्त शिकवते, कारण दैनंदिन मालिका पोळ्या लाटता लाटता ऐकली जाईल हे गृहीत धरूनच लिहिलेली असते. 'अगं मालती, तू माझ्या धाकट्या दिराची बायको असूनही...' असली वाक्यं लेखकाला येत नाही म्हणून आलेली नसतात. पडद्याकडे पाठ असलेल्या प्रेक्षकाला नातं कळावं म्हणून ती असतात. चौथ्या खेपेला सेट, कपडे, दागिने, प्रकाश आणि कोण कुठे उभं आहे हे बघा.

शॉट लॉग

दोन कटांमधला सलग तुकडा म्हणजे शॉट आणि अशा प्रत्येक शॉटची नोंद म्हणजे लॉग. आता वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये रकाने आखा: शॉट क्रमांक, सुरुवातीची वेळ, लांबी, शॉटचा आकार, कॅमेऱ्याची हालचाल, चौकटीत कोण, आवाज, परिणाम. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की एक फ्रेम पुढे जाते आणि स्वल्पविरामाने मागे. व्हीएलसीमध्ये 'ई' दाबून एकेक फ्रेम पुढे जाता येतं, मागे येता येत नाही. पाच मिनिटांच्या लॉगला दोन-अडीच तास सहज जातात. आदल्या रात्री बसलात तर हा भाग गाळावासा वाटेल आणि उत्तर तिथेच पोकळ होईल.

एक नमुना घेऊ. दिवाणखान्यात सून म्हणते, 'हे घर सोडून मी जाणार नाही.' सुनेचा मिड शॉट (कमरेपासून वर) ४ सेकंद, सासूचा क्लोज (नुसता चेहरा) ३, नणंद २, नवरा ३, आजी ३, पुन्हा सासू तीन झटक्यांच्या झूमसह ६, शेवटी सुनेचा क्लोज ४. एकूण २५ सेकंद, शॉट सात, बोललेलं वाक्य एक. सेकंदांना शॉटच्या संख्येने भागलं की सरासरी साडेतीन सेकंद येते. बहुतेक विद्यार्थी हा आकडा लिहून पुढे जातात, पण सांगण्यासारखी गोष्ट सरासरीत नाही, त्या सहा सेकंदांत आहे. 'भरपूर क्लोज-अप वापरून ताण निर्माण केला आहे' हे वाक्य कुठल्याही मालिकेला चिकटवता येतं. त्याऐवजी असं लिहा: 'वाक्य नवऱ्याच्या संसाराबद्दल आहे, पण त्याला ३ सेकंद मिळतात आणि सासूला दोन शॉटमध्ये ९. या घरातला निकाल कोणाच्या चेहऱ्यावर वाचायचा, हे संकलन ठरवून देतं.'

ती झूम कॅमेऱ्याची की संकलनाच्या टेबलावरची, हेही तपासा. कॅमेरा ट्रॉलीवरून पुढे सरकला की चेहऱ्यामागचा खांब आणि चेहरा यांचं एकमेकांशी अंतर बदलतं. झूममध्ये सगळं एकदम मोठं होतं. आणि झूम संकलनात केली असेल तर चित्र किंचित भुरकट होतं. तिहेरी झटका बहुधा टेबलावरचाच असतो. त्याला 'कॅमेऱ्याची हालचाल' म्हटलंत तर गुण जातील.

एवढे रिअॅक्शन, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांचे शॉट, का? भावना ताणायला, हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं निर्मितीच्या गणितात आहे. रोज प्रसारित होणाऱ्या मालिकेला दर दिवशी वीस-बावीस मिनिटांचा मजकूर लागतो. दोन-तीन कॅमेरे एकदम चालतात, प्रकाश सगळ्यांवर सारखा आणि भरपूर पाडलेला असतो, म्हणजे प्रत्येक कोनासाठी नव्याने प्रकाशयोजना करावी लागत नाही. रिअॅक्शन शॉटला पाठांतर लागत नाही आणि वेळ भरतो. जिना, सोफा आणि देवघर एकाच दिवाणखान्यात असण्याचं कारणही तेच: सगळी पात्रं एका जागी येतात आणि सेट हलवावा लागत नाही.

जाहिरातींचा विचार इथेच करा. केबल टीव्हीच्या नियमांत तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे, १० व्यावसायिक जाहिरातींची आणि २ वाहिनीच्या स्वतःच्या प्रसिद्धीची. ओटीटीवर भाग बघताना टीव्हीवरचे ब्रेक दिसत नाहीत, पण ब्रेकच्या आधीचा चढलेला स्वर आणि गोठलेला चेहरा तसाच राहतो. ते बिंदू लॉगमध्ये लाल शाईने दाखवा. भागाची रचना त्यांच्यावरच उभी असते. बार्क या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेचे आकडे दर आठवड्याला येतात आणि एखादा ट्रॅक (उपकथानक) लांबतो की गुंडाळला जातो, यात त्यांचा मोठा हात असतो. म्हणून शेवट आधी ठरवून लिहिलेल्या नाटकाचे निकष इथे लावता येत नाहीत.

प्रतिनिधित्वावर लिहायचं असेल तर बोलीपासून सुरुवात करा. २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' मालवणी घेऊन आली, तेव्हा तो विषय बराच गाजला होता. तुमच्या तुकड्यात प्रमाण मराठी कोण बोलतं, गावाकडची बोली कोणाच्या तोंडी आहे आणि त्या बोलीवर विनोदी पार्श्वसंगीत वाजतं का, एवढं टिपलंत तरी एक परिच्छेद उभा राहतो. घरकाम करणाऱ्या बाईला क्लोज मिळतो का, हेही मोजा. बऱ्याचदा ती लाँग शॉटमध्ये, म्हणजे दुरूनच, चहा ठेवून निघून जाते.

म्युझिक व्हिडिओ

इथे कथानकाऐवजी तालापासून सुरुवात होते. गाण्याचा वेग काढा: पंधरा सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजून चारने गुणा. मिनिटाला १०० ठोके असतील तर एक ठोका ०.६ सेकंदाचा आणि चार ठोक्यांचं आवर्तन २.४ सेकंदांचं. आता लॉगमधल्या कटच्या वेळा याच्याशी ताडून बघा. 'कट बीटवर आहेत' हे वाक्य न तपासता लिहिणं ही या विषयातली सर्वांत नेहमीची चूक. पुष्कळ व्हिडिओंत मुखड्यात कट समेवर पडतात आणि अंतऱ्यात मुद्दाम सैल सोडलेले असतात. तो फरक सापडला की मुद्दा सापडला. आणि चारच ठोके धरून बसू नका. आगरी-कोळी गाण्यांत आणि भावगीतांत सहा मात्रांची चाल पुष्कळदा भेटते. तिथे चारचं गणित लावलंत तर सगळेच कट चुकीच्या जागी दिसतील.

मग कागदाच्या डाव्या बाजूला ओळी, उजव्या बाजूला दृश्यं. म्युझिक व्हिडिओंचे अभ्यासक अँड्र्यू गुडविन यांच्या १९९२ मधल्या मांडणीत शब्द आणि चित्र यांचं नातं तीन प्रकारचं आहे. शब्दांत पाऊस आणि पडद्यावरही पाऊस, हे झालं चित्रण. पावसाच्या ओळीवर रिकामा फलाट दिसला तर विस्तार. विरहाच्या ओळीवर हळदीचा नाच आला तर विरोध. एकाच व्हिडिओत तिन्ही सापडतात, म्हणून अख्ख्या व्हिडिओला एक शिक्का मारण्यापेक्षा ओळीगणिक नोंद करा.

गुडविन यांचा दुसरा मुद्दा कलाकाराच्या क्लोज-अपचा: म्युझिक कंपनीला चेहरा विकायचा असतो, त्यामुळे तो वारंवार दिसतो. आपल्याकडे यात एक मेख आहे. हिंदी-मराठी सिनेमात आवाज गायकाचा आणि चेहरा नटाचा. १९९०च्या दशकात म्युझिक वाहिन्या आल्या, इंडिपॉपचे (सिनेमाबाहेरच्या पॉप गाण्यांचे) अल्बम आले आणि गायक-गायिकांचे चेहरे पडद्यावर ठळक झाले. आजच्या मराठी म्युझिक व्हिडिओंत मात्र ओठ हलवताना अनेकदा मालिकांमधलेच कलाकार दिसतात. त्यामुळे गायकाला, नटाला आणि लेबलच्या (गाणं काढणाऱ्या कंपनीच्या) चिन्हाला किती सेकंद मिळाले ते वेगवेगळं मोजा. थंबनेलवर कोण आहे, शीर्षकात कोणाचं नाव आधी आलंय, हेही नोंदवा. मालिकेतली सोज्वळ सून व्हिडिओत नाचताना दिसते, तेव्हा तिची जुनी प्रतिमा मोडली जाते की वापरून घेतली जाते, यावर चांगलं लिहिता येतं.

सिद्धान्त आणि लेखन

हजार शब्दांच्या उत्तरात दोन सिद्धान्त पुरे. सिनेमाच्या अभ्यासक लॉरा मल्व्ही यांची १९७५ मधली पुरुषी नजरेची मांडणी (कॅमेरा स्त्रीकडे पुरुषाच्या डोळ्यांनी बघतो) व्हिडिओला उपयोगी पडते, पण 'स्त्रीचं वस्तूकरण' एवढं म्हणून भागत नाही. शरीराचा तुकडा दाखवणारे शॉट किती, त्यानंतर पाहणाऱ्या पुरुषाचा शॉट येतो का, ती उलट कॅमेऱ्याकडे बघते का, हे लॉगमधून दाखवावं लागतं. साहित्याचे अभ्यासक तोदोरोव्ह यांचं कथेबद्दलचं संतुलन, बिघाड, पुन्हा संतुलन हे चक्र अख्ख्या मालिकेला लावू नका, कारण मालिका संतुलनावर टिकतच नाही. लग्नाचा किंवा वारसाचा एखादा ट्रॅक घेतलात तर ते बसतं. माध्यमांचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांचं मान्य, तडजोडीचं आणि विरोधी वाचन (प्रेक्षक आशय स्वीकारतो, अर्धामुर्धा स्वीकारतो की नाकारतो) वापरायचं असेल तर घरातल्या तीन वेगवेगळ्या वयाच्या माणसांना तोच तुकडा दाखवा आणि त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. नाव न देता वय आणि दिवसाचा बराच वेळ कशात जातो एवढं पुरे.

परिच्छेद पुराव्यापासून सुरू करा: वेळ, शॉट, मग परिणाम, मग निर्मितीचं कारण. कथानकाला पहिल्या परिच्छेदात तीन ओळी, नंतर शून्य. वेळ मिनिट आणि सेकंदात द्या आणि ती कोणत्या आवृत्तीतली आहे हे सुरुवातीलाच सांगा, कारण टीव्हीवरच्या आणि ओटीटीवरच्या भागाच्या वेळा जुळत नाहीत. स्क्रीनशॉट चार-पाचच लावा, प्रत्येकाखाली शॉट क्रमांक टाका. लॉग परिशिष्टात जोडा. शब्दमर्यादेत तो धरला जातो का, हे जमा करण्याआधी विचारून घ्या.