सुरूर ते पोलादपूर: घाटाने कोकणात उतरताना

माझं सासर वाईचं, माहेर पोलादपूरचं. मधल्या राज्यमार्गावरून आधी एसटीने आणि गेली बारा वर्षं स्वतः गाडी चालवत ये-जा करते. पुण्याकडून या वाटेने पहिल्यांदाच कोकणात उतरणार असाल, तर सुरूर फाट्याला सातारा महामार्ग सोडा, तोही सकाळी सातच्या आत. वाईपर्यंत जुने वड भेटतात. रुंदीकरणाचा विषय निघाला की त्या वडांसाठी माझ्या पोटात गोळा येतो. निदान त्यांच्या सावलीतून सावकाश जा.

पेट्रोल आणि टायरची हवा वाईतच बघून घ्या. पुढे पसरणी, शाहीर साबळ्यांचं गाव. तिथून घाट चढायला लागतो आणि खाली धोम धरणाचं पाणी दिसतं. गाडी चालवणाऱ्याने मान वळवायची नाही. रुंद जागा बघून गाडी कडेला घ्या आणि मग हवं तेवढा वेळ बघा. पाचगणी ते महाबळेश्वर या पट्ट्यात शनिवार-रविवारी वेण्णा तलावापाशी गाड्या तुंबतात. म्हणूनच लवकर निघायचं.

खरी परीक्षा महाबळेश्वरनंतर. पोलादपूरपर्यंतचं अंतर साधारण चाळीस किलोमीटर, पण दीड तास हाताशी ठेवा. हा आंबेनळी घाट. १८६७ ते १८७२ मध्ये मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर सेमूर फिट्झजेराल्ड यांचं नाव इंग्रजांनी त्याला दिलं होतं. त्याआधी लोक, बैल आणि फौजा रडतोंडीच्या घाटाने पार गावात उतरायच्या. १६५९ मध्ये अफझलखान याच बाजूने आला. वेळ असेल तर कुंभरोशीहून पारला वाकडी वाट करा. कोयनेवरचा शिवकालीन दगडी पूल तिथे अजून उभा आहे. प्रतापगड सगळे बघतात, पुलाकडे फारसं कोणी फिरकत नाही, याचं मला वाईट वाटतं.

उतारावर ज्या गियरमध्ये घाट चढला असता, त्याच गियरमध्ये उतरा. गाडी न्यूट्रल करू नका, ब्रेकवर सतत पाय ठेवू नका. पहिल्याच वर्षी मी ठेवला होता. निम्म्या घाटात जळका वास आला आणि ब्रेक दाबला तरी गाडी हवी तशी धरेना. खालच्या गियरवर कशीबशी कडेला घेतली, अर्धा तास थांबले. चाकांवर पाणी ओतायचं नाही, आपोआप गार होऊ द्यायची. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवा आणि उलट हॉर्न ऐकू येतो का, यासाठी काच थोडी खाली ठेवा. धुक्यात अप्पर लाइट लावला तर समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. डिपरवरच चाला.

जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी घाट चालू आहे का, हे वाईत किंवा महाबळेश्वरात विचाराच. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला आणि हा रस्ता जागोजागी खचला. घाट बंद असेल तर कराड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण असा वळसा घ्या. तो लांबचा आहे, तरी दरड कोसळत असताना धाडस करू नका. माझी आई फोनवर हेच सांगायची, “उद्या ये, पण नीट ये.”

कृष्णा आणि सावित्री दोघी महाबळेश्वरच्याच. कृष्णा वाईवरून पूर्वेला जाते, सावित्री पश्चिमेला उडी घेते. माझं सासर एकीच्या काठी, माहेर दुसरीच्या. घाट संपत आला की हवा दमट होते, कान मोकळे होतात आणि सावित्रीचं पात्र दिसू लागतं. पोलादपूरला मुंबई–गोवा महामार्ग लागतो. उजवीकडे महाड, डावीकडे कशेडी आणि खेड. वळण्याआधी गावात शिवरायांच्या पदरी असलेल्या कवींद्र परमानंदांच्या समाधीपाशी जाऊन या. तेवढ्यात गाडीचे ब्रेकही गार होतील.