बहात्तरचा दुष्काळ आठवीच्या वर्गात: प्रकल्प कसा द्यावा, गुण कशाला द्यावेत

सुरुवातीची काही वर्षं मी इतिहासाचा प्रकल्प म्हणून किल्ल्यांचा तक्ता करून आणायला सांगायचे. मुलं दुकानातली तयार चित्रं चिकटवायची, घरातलं कुणी मोठं माणूस मथळे रंगवून द्यायचं आणि मी नीटनेटकेपणाला गुण द्यायचे. मुलांच्या हाती त्यातून काही लागत नाही, हे मनाला फार लागायचं. आता आष्टी तालुक्यातल्या आमच्या शाळेत आठवीला मी १९७२चा दुष्काळ देते. तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असलेली माणसं आज सत्तरीच्या घरात आहेत. त्यांना आत्ताच विचारायला हवं.

सगळ्यात जास्त वेळ प्रश्नांवर घालवा. मी त्यासाठी तीन तासिका ठेवते. “दुष्काळात काय झालं?” असं विचारलं की “लई हाल झाले बाबा” एवढंच उत्तर येतं. “आजी, तेव्हा तुमच्या दावणीला गुरं किती होती? त्यातली कोणती विकली?” असं विचारलं की आजी बैलाचं नाव सांगतात आणि मग बोलतच राहतात. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, सरकारी दुष्काळी कामावर खायला मिळणारी सुकडी, खडी फोडून हाताला आलेले फोड, सगळं निघतं. उपासमारीबद्दल मात्र पहिल्याच भेटीत विचारायचं नाही. आणि मोबाइलवर आवाज टिपायचा तर आधी परवानगी घ्यायची.

प्रत्येक गटाने निदान दोघांना भेटायचं, त्यातली एक बाई हवीच. गेल्या वर्षी एका गटाला आजोबांनी सांगितलं, गावाबाहेरचा पाझर तलाव दुष्काळातच झाला. शेजारच्या आजी म्हणाल्या, “तवा कुठला तलाव? आम्ही तर रस्त्याची खडी फोडत होतो.” मुलं गोंधळली. मी उत्तर दिलं नाही, तिसरा माणूस शोधायला सांगितलं. तिसऱ्याने उलगडा केला: बांधाची माती तेव्हा पडली, त्यावरचं दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, नंतर झालं. दोघंही खरं बोलत होते. पुराव्याचा धडा मी इतका चांगला कधीच शिकवू शकले नसते.

नागरिकशास्त्र इथूनच सुरू होतं. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असतानाची ती दुष्काळी कामं, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना, १९७७चा राज्याचा कायदा आणि २००५चा देशाचा कायदा, हा धागा फळ्यावर काढा. मग अर्धं पान लिहायला द्या: काम मिळणं ही सरकारची मदत की माणसाचा हक्क? उत्तरात आपल्या आजी-आजोबांचं एक तरी वाक्य आलं पाहिजे.

वीस गुणांपैकी प्रश्नांना पाच, ऐकलेलं त्यांच्याच शब्दांत टिपण्याला पाच, पडताळणीला सात आणि मांडणीला तीन. ही वाटणी पहिल्याच दिवशी भिंतीवर लावा. लिहायला कचरणाऱ्या मुलांना गावाचा नकाशा द्या. माझ्या वर्गातल्या एका अबोल मुलाने तेव्हा पाणी असलेल्या विहिरी नकाशात दाखवल्या, प्रत्येक विहीर कुणी दाखवली ते बाजूला लिहिलं. त्याला पडताळणीचे सातही गुण दिले.

शेवटच्या दिवशी त्या आजी-आजोबांना वर्गात बोलवा. त्या नकाशापुढे एक आजी बराच वेळ उभ्या राहिल्या, मग त्या मुलाकडून पेन्सिल मागून त्यांनी राहिलेली एक विहीर काढली.