ध्वनीचा धडा रॅपमधून कसा शिकवावा

पुण्यातल्या नववीच्या वर्गात रॅपर एमसी स्टॅनचं नाव काढा, मागच्या बाकापर्यंत माना वर होतात. ताडीवाला रोडचा हा पोरगा मुलांना आपला वाटतो. ही ओढ विज्ञानाच्या तासाला कामी येते. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठातले क्रिस्टोफर एमडिन यांनी वू-टँग क्लॅन या रॅप गटातल्या जिझाला सोबत घेऊन सरकारी शाळांतल्या मुलांकडून विज्ञानावर रॅप लिहून घेतला, त्याच्या स्पर्धाही भरवल्या.

एक गोष्ट आधीच ठरवा: शिक्षकांनी रॅप लिहून आणायचा नाही. तयार ओळी मुलं पाठ करतात. कळलं किती, ते झाकलेलंच राहतं.

१. ठेका मोजा. मोबाइलवर मिनिटाला ९० ठोके लावा आणि बाक वाजवू द्या. सेकंदाला दीड ठोका, म्हणजे वारंवारता १.५ हर्ट्झ, दोन ठोक्यांमधलं अंतर सुमारे ०.६७ सेकंद. हा हिशेब मुलांनाच करू द्या.

२. मैदानावर जा. मोठ्या भिंतीपासून टेपनं अंतर मोजा. आधी ५ मीटरवरून टाळी वाजवा, मग ३० मीटरवरून. प्रतिध्वनी कुठून वेगळा ऐकू येतो, ते मुलांनी शोधायचं.

३. लिहा. चौघांचा गट, चार ओळी. प्रत्येक गटाच्या ओळींत एक तरी आकडा एककासह हवाच. उदाहरणार्थ:

सतरा मीटरवर भिंत, हाक मारली मोठी,
शून्य पॉइंट एक सेकंदात परत, गोष्ट नाही खोटी!

सतराच का, असं लगेच विचारा. प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला मधे सुमारे ०.१ सेकंद जावा लागतो. २२ अंश सेल्सिअसला आवाज सेकंदाला ३४४ मीटर जातो, ०.१ सेकंदात ३४.४, जाऊन-येऊन. त्याचं निम्मं १७.२.

४. सायफर, म्हणजे गोलात उभं राहून रॅप करायची बैठक, भरवा. खरं शिकणं इथे होतं, म्हणून अख्खा तास द्या. सगळे गोल उभे राहतील, एक गट मधे. इथे मी पोवाड्याची रीत घेते. जोतीराव फुल्यांनीही १८६९ मध्ये शिवाजीराजांचा इतिहास लोकांपुढे मांडला तो पवाडा रचूनच. ओळ बरोबर असेल तर सगळ्यांनी 'जी रं जी जी' म्हणायचं. शंका आली तर गप्प राहायचं, आणि जो गप्प राहिला त्यानं कारण सांगायचं. शिवी नाही, कोणाच्या घरादारावर बोलायचं नाही.

एक चूक हमखास येते:

जोरात मारली डफावर थाप,
वारंवारता वाढली आपोआप.

यमक झकास, विज्ञान चुकलेलं. आपण 'आवाज चढला' म्हणतो तेव्हा तो मोठा झाला की पट्टी चढली, हे बोलण्यात वेगळं राहतच नाही. लगेच सुधारू नका. रिकाम्या डब्यावर रबरबँड ताणून गटाच्या हातात द्या. जोरात छेडला तर आवाज मोठा होतो, पट्टी तीच राहते. आणखी ताणला की पट्टी चढते. दोन्ही ऐकून झाल्यावर गटाला पुन्हा मधे बोलवा. त्यांना एक-दोन शब्दच बदलावे लागतात, वारंवारतेच्या जागी आयाम, म्हणजे कंपनाचा पल्ला:

जोरात मारली डफावर थाप,
आयाम वाढला आपोआप!

जी रं जी जी.