ठासणीच्या जुन्या पिस्तुलाचा घोडा जड झाला असेल तर

घोडा जड चालू लागला की बहुतेक जण एकच उपाय सांगतात: फटीतून भरपूर तेल सोडा आणि घोडा मागेपुढे करत राहा. जुन्या पिस्तुलांचे याहून अधिक नुकसान करणारा दुसरा सल्ला माझ्या पाहण्यात नाही. ते तेल लॉकमध्ये, म्हणजे घोडा चालवणाऱ्या यंत्रणेत, थोडे आणि त्यामागच्या लाकडात जास्त जाते. लाकूड काळे पडते, मऊ होते, आणि घोडा जड होण्याचे खरे कारण जिथल्या तिथे राहते.

पुढील मार्गदर्शन बाजूला लॉक असलेल्या ठासणीच्या पिस्तुलांसाठी आहे, मग ते चकमकीचे (गारगोटीच्या ठिणगीने पेटणारे) असो वा टोपीचे (घोड्याच्या आघाताने पेटणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीचे). १८२० नंतर टोपीची पद्धत रूढ होत गेली, तेव्हा अनेक चकमकी पिस्तुले तिच्यासाठी बदलून घेण्यात आली. त्यांचा बाहेरचा घोडा बदलला, पण आतली यंत्रणा जवळजवळ तीच राहिली.

सर्वात आधी पिस्तूल भरलेले नाही याची खात्री करावी. नळीत लाकडी काडी तळापर्यंत घालून तोंडाशी खूण करावी आणि तीच काडी नळीच्या बाहेरून धरून पाहावी. काडीचे टोक बत्तीच्या भोकापाशी (जिथून आग दारूपर्यंत जाते) किंवा निपलपाशी (ज्यावर टोपी बसते) पोहोचत नसेल, तर आत काहीतरी आहे असे समजावे. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनंतरही पेट घेते. अशा वेळी काम तिथेच थांबवून पिस्तूल जाणकाराच्या हाती द्यावे. माझ्याआधी किती पिढ्या हे पिस्तूल भिंतीवर टांगलेले होते, याला येथे काहीही अर्थ नाही.

आता मुख्य गोष्ट. काहीही सोडवण्यापूर्वी लॉक धरून ठेवणारा आडवा स्क्रू फक्त अर्धा फेरा सैल करावा आणि घोडा पुन्हा चढवून पाहावा. घोडा एकदम हलका झाला, तर दोष लोखंडात नाही, लाकडात आहे.

ही चाचणी मला कोणी सांगितली नव्हती, म्हणून पहिल्या पिस्तुलावर माझे कित्येक दिवस वाया गेले. त्याचा घोडा अर्ध्यापर्यंत सहज येई आणि शेवटच्या टप्प्यात घासल्यासारखा अडखळे. मी लॉक तीन वेळा पूर्ण सुटे केले, प्रत्येक भाग स्वच्छ करून जोडला, आणि तीनही वेळा हातात धरलेले लॉक लोण्यासारखे चालले. दस्त्यात बसवून स्क्रू आवळला की पुन्हा तेच. चौथ्या वेळी, उजेड तिरका पडेल असे धरल्यावर, मुख्य कमानीच्या (घोड्याला जोर देणाऱ्या स्प्रिंगच्या) खालच्या पात्यावर नखाएवढा चकचकीत पट्टा दिसला. बाकी सारे पाते तपकिरी असताना तेवढीच जागा आरशासारखी होती, आणि खाचेतल्या लाकडावर नेमकी तिच्यासमोर गुळगुळीत काळी रेघ होती. लाकूड वाळताना रेषांच्या दिशेने फारसे आटत नाही, आडवे मात्र आटते. लॉकसाठी कोरलेली खाच अशी हळूहळू अरुंद होते, आणि सैल वाटणारा स्क्रू मालकाने दर वेळी थोडा आणखी पिळला की आतले भाग लाकडावर दाबले जातात.

नेमकी जागा शोधण्यासाठी मेणबत्तीची काजळी कापसाने आतल्या भागांवर हलकेच लावावी, लॉक बसवून घोडा एकदा चढवावा, हाताने खाली आणावा आणि लॉक काढून लाकडावर उमटलेले डाग पाहावेत. लाकूड तासावे का, याबद्दल माझे मत ठाम आहे: जे पिस्तूल केवळ जपून ठेवायचे आहे, त्याचे मूळ लाकूड तासू नये. स्क्रू अर्धा फेरा सैल ठेवावा आणि तसाच राहू द्यावा.

लॉक बाहेर काढताना घोडा शक्य असल्यास अर्धा चढवावा, स्क्रू काही फेरे सोडवून त्याच्या डोक्यावर लाकडी मुठीने हलके ठोकावे, म्हणजे लॉक सरळ वर उचलले जाते. पेचकस फटीत घालून उचकटल्यास खाचेच्या कडेचे लाकूड हमखास तुटते. पेचकसाचे टोक स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारेच हवे.

लॉक हातातही जड असेल, तर मुख्य कमान काढावी लागते आणि ती फक्त कमानीच्या शिकंज्यानेच काढावी. घोडा पूर्ण चढवून शिकंजा कमानीला लागेल इतकाच आवळावा, मग घोडा हाताने सावकाश खाली आणावा, की कमान सैल होऊन निघते. घोडा पूर्ण चढतच नसेल, तर शिकंज्याने कमानीची दोन पाती केवळ किंचित जवळ आणावीत. मी एकदा हेच पक्कडीने केले. गंजाच्या खड्ड्यापाशी कमान तुटली आणि तुकडा माझ्या कानाजवळून गेला. डोळ्यांवर चष्मा लावल्याशिवाय हे काम करू नये.

कमान निघाल्यावर सिअरचा (चढवलेला घोडा अडवून धरणाऱ्या खिट्टीचा) दांडा बोटाने दाबून घोडा फिरवावा. आता तो सैल फिरत असेल, तर अडचण कमानीचे टोक टंबलरवर, म्हणजे घोड्याबरोबर फिरणाऱ्या आतल्या खाचांच्या भागावर, जिथे टेकते तिथे आहे. तरीही जड असेल, तर टंबलरवरच्या पट्टीचे स्क्रू पाव फेरा सैल करून पाहावेत. बहुतेक वेळा उत्तर इथेच मिळते: पट्टीखाली तपकिरी, चिकट, राळेसारखा थर साचलेला असतो. दस्त्याला वर्षानुवर्षे चोळलेले जवसाचे तेल झिरपून आत येते आणि हवेने घट्ट होते. तो गंज नसतो, पण दिसतो गंजासारखा, आणि म्हणूनच लोक त्यावर सँडपेपर घेऊन तुटून पडतात.

सुटे भाग रात्रभर रॉकेलमध्ये ठेवावेत, नंतर दात घासायच्या ब्रशने आणि लाकडी काडीने साफ करावेत. तारेचा ब्रश नको, ज्योत मुळीच नको, कारण उष्णतेने कमानीचे पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरते. टंबलरच्या खाचांना कानस लावणे तर कायमचे वर्ज्य मानावे. त्या खाचांची धार गेली की अर्धा चढवलेला घोडा केव्हाही सुटू शकतो. लाल गंज काढावा. काळा, घट्ट बसलेला थर राहू द्यावा.

प्रत्येक स्क्रू पुठ्ठ्यावर काढलेल्या आकृतीत त्याच्या जागी खोचून ठेवावा. हाताने घडवलेले स्क्रू एकमेकांच्या भोकात नीट बसत नाहीत.

जोडणी उलट क्रमाने करावी. टंबलरच्या आसाला, सिअरच्या टोकाला आणि कमान टेकते त्या ठिकाणी यंत्राच्या पातळ तेलाचा एकेक थेंब काडीच्या टोकाने लावावा. जवसाचे किंवा खाद्यतेल वापरू नये. घोडा रिकाम्या पिस्तुलावर आपटू देऊ नये, अंगठ्याने धरून सावकाश खाली आणावा. आडवा स्क्रू हाताला प्रतिकार जाणवताच थांबवावा, आणि हवा दमट झाली की पुन्हा एकदा तपासावा, कारण तेव्हा लाकूड फुगते आणि आज बरोबर असलेला तो स्क्रू घट्ट होतो.