पहिली-दुसरीचा जुलै : महिन्याभराचे उपक्रम आखताना या चुका टाळा

जून महिना पहिलीच्या बाईंच्या हातात नसतो. रडारड, पुस्तकवाटप, दप्तर कुठे ठेवायचं आणि चपला कुठे काढायच्या यातच तो जातो. ऑगस्टमध्ये पंधरा ऑगस्टची तयारी आणि पाठोपाठ सणांच्या सुट्ट्या. सलग शिकवायला मिळतो तो जुलै. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा भरतात, तिथे तर हाच खरा पहिला महिना. पहिली-दुसरीला शिकवायला लागले तेव्हाचे माझे सुरुवातीचे काही जुलै वाया गेले, आणि दर वेळी चूक तीच होती.

रोज नवा उपक्रम

सोमवारी कागदाची होडी, मंगळवारी भेंडीचे ठसे, बुधवारी पावसाचं गाणं, गुरुवारी छत्रीचं चित्र. भिंती भरल्या आणि पालक खूश झाले. पंधरा दिवसांनी मुलांच्या हातात कागद दिला, तर होडी तीन-चार जणांनाच जमली. सहा वर्षांच्या मुलाला पहिल्या दिवशी फक्त काय करायचं ते कळतं. दुसऱ्या दिवशी हात बसतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते आपल्या मनाने काही करून बघतं, प्रश्न विचारतं. त्याआधीच आपण साहित्य आवरून ठेवलेलं असतं.

आता महिन्याला मी तीनच गोष्टी घेते : पावसाची बाटली, काड्यांचे गठ्ठे आणि मातीतलं बी. भाषेचं काम रोजचंच, आणि त्यातले निम्मे शब्द या तिन्हींमधूनच मिळतात.

पावसाची बाटली : चुकते कुठे

सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून उलटा आत बसवायचा. एवढं सगळ्यांना माहीत असतं. गडबड तळाशी होते. बाटलीचा तळ कंगोऱ्यांचा आणि मध्ये उचललेला असतो, त्यामुळे सुरुवातीच्या पाण्याची उंची खोटी दिसते. म्हणून आधी थोडे खडे टाका, सरळ भिंत जिथे सुरू होते तिथपर्यंत पाणी भरा आणि तिथे रंगीत चिकटपट्टी लावा. मोजणी या रेषेपासून. मोजून झालं की पाणी परत रेषेवर आणून ठेवायचं.

दुसरी चूक जागेची. पागोळीखाली ठेवली तर छपराचं पाणी मोजलं जातं, झाडाखाली ठेवली तर पानांचं. मोकळ्या जागी, दोन विटांच्या मध्ये ठेवा, म्हणजे वाऱ्याने पडणार नाही.

तिसरी चूक मिलिमीटरची. पहिलीच्या मुलाला मिलिमीटर नको. पाण्याच्या उंचीएवढी कागदाची पट्टी कापायची आणि वाराच्या नावाखाली तक्त्यावर चिकटवायची, बस. महिनाअखेर पट्ट्यांची जी रांग तयार होते तोच आलेख, त्याचं नाव सांगायची गरज नाही. ‘मंगळवारची पट्टी बुधवारपेक्षा किती बोटं मोठी?’ इथे वजाबाकी सुरू होते. पाऊस न पडलेल्या दिवसाची जागा मोकळी सोडू नका, शून्य लिहा. शून्याची इतकी चांगली ओळख मला दुसरीकडे कुठे करून देता आलेली नाही. रविवारचं पाणी सोमवारी मोजलं जातं, तेव्हा त्या पट्टीचा रंग वेगळा ठेवा. का वेगळा, हे मुलंच विचारतात.

‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत ओळीने

ही चूक जुनी आणि चिवट. अ, आ, इ, ई या क्रमाने गेलं, तर पहिल्या आठवड्यानंतर मुलाला वाचता येणारा धड शब्द म्हणजे ‘आई’. शिवाय ण आणि ळ यांनी मराठी शब्दाची सुरुवातच होत नाही. तक्त्यावर ‘ण बाणाचा’, ‘ळ बाळाचा’ असं असतं. मूल चित्राचा पहिला आवाज पकडायला नुकतं शिकलेलं असतं, आणि इथे अचानक आवाज शेवटी शोधायचा असतो.

त्याऐवजी क, म, न, र, ल, स असा अक्षरगट घ्या आणि काना लगेच जोडा. नाक, कान, मान, काका, मामा, काम, लाल : आठवडाभरात मूल खरे शब्द वाचू लागतं. काना म्हणजे बाराखडी, ती नंतर, असं समजून थांबू नका.

दोन अडचणी हमखास येतात. एक, मूल तक्ता घडाघडा म्हणतं, पण मधल्याच अक्षरावर बोट ठेवलं की अडतं, किंवा मनात पहिल्यापासून म्हणत म्हणत तिथवर येतं. ते अक्षर ओळखत नाही, चाल ओळखतं. अक्षरं सुट्या पत्त्यांवर लिहा आणि क्रम मोडा. दोन, मूल ‘क…म…ल’ असं सुटं वाचतं आणि शेवटच्या अक्षराला ओढून ‘कमलऽ’ म्हणतं. तेव्हा ‘नीट वाच’ म्हणून काही होत नाही. शब्दाखालून बोट न थांबता सरकवा आणि त्याच्याबरोबर तुम्हीही म्हणा. चार-पाच शब्दांत कान सुधारतो.

संख्या : ऐकू येतं एक, लिहायचं दुसरं

दुसरीच्या मुलाने त्रेसष्ट ऐकून ३६ लिहिलं, तर त्याला बेफिकीर म्हणू नका. मराठीत एककाचा आवाज आधी येतो, त्याने ऐकलं तसं लिहिलं. एकोणतीसचं ३९ होतं, कारण शेवटी ‘तीस’ स्पष्ट ऐकू येतं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीने ‘वीस एक’ आलं, तेव्हा केवढा वाद झाला होता. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर होत्या. माझ्या वर्गात ती जोडी उपयोगी पडली, हे मी ठामपणे सांगेन. मूल ‘साठ तीन’ म्हणत लिहितं आणि वाचताना त्रेसष्ट म्हणतं. पण जुनी नावं सोडून चालणार नाही. घरात आजी आणि बाजारात भाजीवाली त्रेसष्टच म्हणणार आहेत.

काड्यांचे गठ्ठे मात्र तुम्ही बांधून देऊ नका. दहा काड्या मोजून रबर लावण्यातच दशक आहे. तयार गठ्ठा मुलाच्या दृष्टीने नुसती एक जाड काडी. वजाबाकीला काड्या कमी पडल्या की गठ्ठा सोडू द्या, मग पसारा झाला तरी चालेल. दहाची नोट त्यानंतर. नोटेत दहा रुपये दिसत नाहीत.

साहित्यासाठी कॅटलॉग चाळत बसू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला नेलं, ते परिसरातली पानं, बिया, शंखशिंपले घेऊनच. चिंचोके उत्तम. लहान मणी नकोत, ते नाकात जातात.

बोली दुरुस्त करत बसणं

बाटलीभोवती बोलताना मुलं घरची भाषा बोलतात. माझ्या वर्गात अहिराणी असते, तुमच्याकडे वारली, कोरकू, गोरमाटी असेल. त्या क्षणी शब्द सुधारला की मूल गप्प होतं. त्याचा शब्द फळ्यावर लिहा, शेजारी पुस्तकातला लिहा, पुढे चला.

बी उगवलं नाही तर

मूग किंवा मटकी घ्या. रात्रभर भिजवून सोमवारी पेल्यात पेरा. शुक्रवारी पेरलं तर कोंब फुटायची वेळ रविवारी बंद वर्गात निघून जाते. एका मुलाला एकच बी देऊ नका, तीन-चार द्या. ओल्या कापसात उगवलेलं रोप चार-पाच दिवसांत वास मारू लागतं, म्हणून महिनाभर बघायचं असेल तर मातीच बरी. रोप पिवळं आणि लांबुडकं झालं, तर ते अंधारात आहे, खिडकीशी न्या. सगळ्यात जास्त बिया मरतात त्या पाण्याने, कारण तीसही मुलांना रोज पाणी घालायचं असतं. वाटीऐवजी बाटलीच्या झाकणाने मोजून घालायला सांगा आणि पेल्याच्या तळाला भोक आहे ना ते बघा.

ज्याचं उगवत नाही, त्याचा पेला मी एकदा सगळे घरी गेल्यावर बदलून ठेवला होता. सकाळी तो मुलगा म्हणाला, ‘बाई, हा माझा नाही, माझ्यात लाल खडा होता.’ मला त्याच्याकडे बघवेना. मग आम्ही दोघांनी त्याचा खरा पेला शोधला आणि काडीने माती उकरली. बी फुगून मऊ झालं होतं, वास येत होता. त्याने पेला उलटा करून पाहिला, तळाला भोक नव्हतं. ते त्याने स्वतः पाडून घेतलं, नवे मूग पेरले आणि लाल खडा परत वर ठेवला.