घरी बनवलेल्या इलेक्ट्रिक सायकलचा खरा हिशेब कसा मांडावा

‘इलेक्ट्रिक सायकल म्हणजे जवळजवळ फुकट प्रवास’ असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. असं सांगणारे विजेचं बिल दाखवतात आणि बॅटरीचं बिल खिशात ठेवतात. मीही पहिली सायकल जोडली तेव्हा हाच हिशेब मांडला होता आणि सपशेल तोंडावर पडलो होतो. त्यानंतर बऱ्याच सायकली जोडल्या, प्रत्येकीची वही ठेवली. सायकल जोडून झाली आहे आणि चालते आहे असं धरूनच पुढचं लिहितो.

१. लागलेला पैसा लिहून काढा. मोटर, कंट्रोलर (मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा डबा), चार्जर, आणि हो, उलट्या तारा जोडून जाळलेला कंट्रोलर आणि एकदाच वापरलेला पानासुद्धा. बॅटरीची किंमत मात्र या बेरजेत घालू नका, वेगळ्या पानावर लिहा.

२. वीज मोजा. चार्जर आणि भिंतीवरचा सॉकेट यांच्यामध्ये वॅटमीटर लावा, आठवडाभराचे युनिट बघा आणि तेवढ्या दिवसांच्या किलोमीटरनी भागा. पेडल मारत चालवली तर बॅटरीतून साधारण १५ वॅट-तास प्रतिकिलोमीटर जातात. नुसत्या थ्रॉटलवर, म्हणजे पेडल न मारता मोटरच्या जोरावर, २० ते २५ सहज. चार्जरमध्ये थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते, म्हणून भिंतीतून १५ च्या जागी १७-१८ धरा. म्हणजे एका युनिटमध्ये ५५ किलोमीटरच्या आसपास. हा आकडा इतका लहान असतो की त्यावर वाद घालत बसू नये.

३. बॅटरीची झीज काढा. खरी मेख इथे आहे. तुमचं पेट्रोल म्हणजे वीज नव्हे, बॅटरी. प्रत्येक किलोमीटरला तिचा एक तुकडा खर्च होतो. फक्त तो पंपावर जाऊन रोज विकत घ्यावा लागत नाही, म्हणून दिसत नाही.

माझी पहिली बॅटरी लेड-ॲसिड होती. १२ व्होल्टचे चार डबे, वजन सोळा किलोच्या घरात. स्वस्त पडली म्हणून खूश होतो. रोज पार रिकामी करायचो आणि वर्ष भरायच्या आत ती निम्म्या रस्त्यात मान टाकायला लागली. लेड-ॲसिड रोज तळापर्यंत रिकामी केली तर काहीशे फेऱ्यांच्या पुढे जात नाही (एक फेरी म्हणजे एकदा पूर्ण भरून रिकामी करणं). शिवाय मोटरने एकदम जास्त करंट ओढला की छापलेली क्षमताही पूर्ण मिळत नाही. ‘सुरुवातीला लेड-ॲसिड घे, मग बघू’ हा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या.

लिथियम-आयनचा हिशेब असा. ४८ व्होल्ट, १० अँपिअर-तास म्हणजे ४८० वॅट-तास. पूर्ण चार्जच्या ५०० फेऱ्यांत क्षमता ८० टक्क्यांवर येईल असं धरा. म्हणजे आयुष्यभराची सरासरी ९० टक्के, ४३२ वॅट-तास. भागिले १५, गुणिले ५००. उत्तर १४,४०० किलोमीटर.

इथेच थांबलात तर माझीच चूक करताय. बॅटरी चालवली नाही तरी म्हातारी होते. मी तिचं वय ५ वर्षं धरतो. दिवसाला ८ किलोमीटर, वर्षाला २५० दिवस, म्हणजे ५ वर्षांत १०,००० किलोमीटर. बाकीचे ४,४०० तुम्हाला कधी मिळणारच नाहीत. दोन्ही आकडे काढा आणि जो लहान असेल तोच धरा. यातून निघणारी गोष्ट लोकांना उलटी वाटते: सायकल जितकी कमी चालवाल तितका प्रत्येक किलोमीटर महाग.

आता बॅटरीची किंमत लिटरमध्ये बदला: तुमच्याकडच्या एक लिटर पेट्रोलच्या भावाने तिला भागा. लिटरला ४५ किलोमीटर देणारी स्कूटर १०,००० किलोमीटरला २२२ लिटर पिते. तेवढ्याच अंतराला सायकलला १७६ युनिट वीज लागते. या विजेचं बिलही तसंच लिटरमध्ये बदला. बॅटरी अधिक ही वीज मिळून २२२ लिटरच्या वर जात असेल, तर इंधनापुरती सायकल स्कूटरला हरली. रोज १६ किलोमीटर चालवणाऱ्याची बॅटरी वयाआधी फेऱ्यांनी संपते, पण त्याला पूर्ण १४,४०० किलोमीटर मिळतात आणि त्याची मर्यादा ३२० लिटरवर जाते.

हे सगळं छापलेली क्षमता खरी असेल तर. १८६५० आकाराच्या सेलवर (बॅटरी अशा सुट्या नळकांडी सेलची बनते) ५,००० मिलिअँपिअर-तास किंवा त्याहून मोठा आकडा दिसला तर तो खोटा आहे, चर्चा नको. नवी बॅटरी पूर्ण चार्ज करा, बॅटरी आणि कंट्रोलरमध्ये डीसी वॅटमीटर लावा आणि बीएमएस (बॅटरीतलं सेल सांभाळणारं सर्किट) बंद करेपर्यंत चालवा. मीटर सांगेल तोच आकडा वहीत.

४. झीज कमी करा. सेलला ४.२ ऐवजी ४.१ व्होल्टवर थांबवा. ४८ व्होल्टच्या बॅटरीतल्या १३ सेलच्या साखळीला ५४.६ ऐवजी ५३.३. बहुतेक बीएमएस सेलची बरोबरी पूर्ण चार्जच्या जवळच करतात, म्हणून अधूनमधून एकदा पूर्ण भरा. सायकल महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर बॅटरी अर्धी भरून ठेवा. मी एक पूर्ण भरून माळ्यावर टाकली होती, तिचं पुढे काय झालं ते विचारू नका. पाणी गेलेल्या किंवा पडून चेपलेल्या बॅटरीवर मात्र काटकसर नाही. ती चार्जरला लावायचीच नाही.

५. चेन, टायर, ब्रेक पॅड. वजन आणि वेग वाढल्यामुळे साध्या सायकलपेक्षा लवकर जातात. पेडलजवळची मोटर असेल तर सगळा जोर चेनवर येतो. हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसवलेली, असेल तर त्या चाकाचे स्पोक तपासत राहा. आणि टॉर्क आर्मवर, म्हणजे ॲक्सल फिरू न देणाऱ्या पट्टीवर, पैसे वाचवू नका. ॲक्सल खाचेत फिरला की मोटरच्या तारा पिळवटून तुटतात, आणि बचत तिथेच संपते.

६. बचतीचे किलोमीटर मोजा. सायकलने कापलेला प्रत्येक किलोमीटर बचतीचा नसतो. आधी जिथे चालत जायचात तिथे आता मोटर वापरत असाल तर तो निव्वळ खर्च. स्कूटर घरात ठेवलीच असेल तर तिचा विमा चालूच राहतो, म्हणून फक्त पेट्रोल आणि किलोमीटरनुसार होणारी सर्व्हिसिंग धरा. स्कूटर विकली असेल तर विमाही बचतीत घाला.

आता स्कूटरच्या दर किलोमीटरच्या खर्चातून सायकलची वीज, बॅटरीची झीज आणि सुटे भाग वजा करा. पहिल्या पायरीतल्या बेरजेला या आकड्याने भागलं की पैसे कितव्या किलोमीटरला वसूल होतील ते कळेल. उत्तर बॅटरीच्या आयुष्याच्या पलीकडे गेलं तर घाबरू नका, मोटर आणि कंट्रोलर दुसऱ्या बॅटरीलाही पुरतात. फक्त तिच्यासाठी झिजेचे पैसे पहिल्या महिन्यापासून बाजूला टाकत जा.